इलिनॉयचा १८३७चा रस्ते-रेल्वे कायदा आणि सँगमनचा उंच आमदार: एक प्रकरण अभ्यास

२७ फेब्रुवारी १८३७ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने सुमारे एक कोटी दोन लाख डॉलरच्या सार्वजनिक बांधकामांचा कायदा मंजूर केला. राज्य जेमतेम अठरा वर्षांचं. लोकवस्ती साडेतीन-चार लाख. तिजोरीत सांगण्यासारखं काही नाही. पुढच्या पाच वर्षांत राज्याचं दिवाळं वाजलं.

या कायद्यामागे हिरिरीने उभ्या राहिलेल्या आमदारांत अठ्ठावीस वर्षांचा अब्राहम लिंकन होता. राष्ट्राध्यक्ष लिंकन आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून माहीत आहे. पण त्याआधी आठ वर्षं राज्याच्या विधिमंडळात बसलेला, निधी, रस्ते आणि राजधानी यांच्या वाटाघाटी करणारा आमदार लिंकन सहसा कुणाच्या नजरेत येत नाही. हे प्रकरण त्याचं आहे. अभ्यासाला ते घेण्याचं मुख्य कारण असं, की चुकलेल्या माणसाला बरोबर उत्तर ठाऊक होतं. ते त्याने स्वतःच्या सहीने दोनदा छापून जाहीरही केलं होतं.

पार्श्वभूमी

इलिनॉय १८१८ मध्ये राज्य झालं, तेव्हा वस्ती प्रामुख्याने दक्षिणेकडे नद्यांच्या काठाने होती. उत्तरेकडे गवताळ माळ पसरलेला. जमीन काळी आणि सुपीक, पण पावसाळ्यात आणि बर्फ वितळताना गाडीची चाकं आसापर्यंत रुतायची. पिकवणं सोपं, बाजाराला नेणं अवघड. त्यात १८३० ते १८४० या दहा वर्षांत लोकसंख्या १,५७,४४५ वरून ४,७६,१८३ वर गेली. माणसं लोंढ्याने येत होती, पण रस्ते होते तिथेच होते.

लिंकन १८३१ मध्ये सँगमन नदीकाठच्या न्यू सेलम या खेड्यात आला. पुढच्याच मार्चमध्ये ‘टॅलिझमन’ नावाची आगबोट याच नदीतून वर स्प्रिंगफील्डच्या जवळपास पोचली, तेव्हा गावोगाव जल्लोष झाला. आता आपल्या दारात जलमार्ग आला असं सगळ्यांना वाटलं. काही दिवसांत पाणी उतरलं. बोटीला वळायलाही जागा उरली नाही आणि ती उलटी, रखडत परत न्यावी लागली. न्यू सेलमच्या गिरणीच्या बंधाऱ्याचा एक भाग फोडला तेव्हा कुठे ती पार झाली. ती बाहेर काढणाऱ्यांत लिंकनही होता.

त्याच वर्षी, तेविसाव्या वर्षी, तो विधिमंडळाच्या निवडणुकीला उभा राहिला. मतदारांसाठी छापलेल्या निवेदनात त्याने लिहिलं की रेल्वे हवीच, पण तिचा खर्च ऐकला की काळजात धस्स होतं. इलिनॉय नदीपासून स्प्रिंगफील्डपर्यंतच्या लोहमार्गाचा अंदाज तेव्हा २,९०,००० डॉलर होता. एवढ्या बाल्यावस्थेतल्या राज्याला नदी सुधारणंच जास्त परवडेल, असं त्याचं म्हणणं. तेरा उमेदवारांत तो आठवा आला. त्याच्या स्वतःच्या गावठाणात मात्र ३०० पैकी २७७ मतं त्याला पडली होती.

१८३४ मध्ये तो निवडून आला. मधल्या दोन वर्षांत भागीदारीतलं दुकान बुडालं होतं, पोस्टमास्तरकी आणि जमीनमोजणी यांवर गुजराण चालली होती. दुकानाच्या कर्जापायी मोजणीची अवजारंसुद्धा जप्त झाली; एका शेजाऱ्याने लिलावात विकत घेऊन ती त्याला परत दिली. या कर्जाला तो गमतीने ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणायचा आणि पुढे कितीतरी वर्षं फेडत राहिला. अधिवेशनाला जायला अंगावर धड कपडे नव्हते, म्हणून ओळखीच्या माणसाकडून २०० डॉलर उसने घेऊन त्याने सूट शिवून घेतला. तेव्हा भत्ता होता रोजचा ३ डॉलर. उधारी म्हणजे काय हे या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती, हे पुढे वाचताना ध्यानात ठेवावं.

१८३६च्या फेरनिवडणुकीआधी त्याने वर्तमानपत्रात पुन्हा आपली भूमिका जाहीर केली. केंद्र सरकार सार्वजनिक जमिनी विकून जो पैसा मिळवतं, त्यातला वाटा राज्यांना मिळावा, म्हणजे आपल्या राज्याला कर्ज न काढता आणि व्याज न भरता कालवे खणता येतील, लोहमार्ग टाकता येतील. म्हणजे निवडून आला तो ‘कर्ज न काढता’ या शब्दांवर.

प्रश्न

डिसेंबर १८३६ मध्ये व्हँडेलिया या राजधानीत अधिवेशन भरलं. जुनं सभागृह मोडकळीला आलेलं होतं. राजधानी हातची जाऊ नये म्हणून गावकऱ्यांनी त्याच उन्हाळ्यात घाईघाईने नवी इमारत उभारली होती. आमदार आत आले तेव्हा गिलावा अजून ओला होता.

लिंकनच्या सँगमन काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) दोन सिनेटर आणि सात प्रतिनिधी असे नऊ जण आले. सगळे ताडमाड, सरासरी उंची सहा फुटांच्या वर. त्यांना नाव पडलं ‘लाँग नाईन’. जॉन स्टुअर्ट हा लिंकनच्या व्हिग पक्षाचा (डेमोक्रॅटांचा प्रतिस्पर्धी पक्ष) आधीचा म्होरक्या या वेळी सभागृहात नव्हता, त्यामुळे पक्षाची सूत्रं बरीचशी लिंकनच्या हाती आली.

त्याच्यापुढे दोन मागण्या होत्या. एक साऱ्या राज्याची: वाहतुकीची सोय करा. न्यू यॉर्कने १८२५ मध्ये ईरी कालवा पुरा केला आणि टोलमधून पैसा वसूल केला, हे उदाहरण सगळ्यांच्या तोंडी होतं. न्यू यॉर्कचा गव्हर्नर डीविट क्लिंटन हा त्या कालव्याचा जनक; ‘मला इलिनॉयचा क्लिंटन व्हायचंय’ असं लिंकन मित्राला म्हणाल्याची आठवण आहे. शेजारच्या इंडियानाने १८३६ मध्ये एक कोटीचा असाच कायदा केला होता. केंद्राकडच्या शिलकीतून इलिनॉयला सुमारे पावणेपाच लाख डॉलर मिळायचे होते, त्यानेही डोळे दिपले होते.

दुसरी मागणी त्याच्या मतदारांची: राजधानी व्हँडेलियातून स्प्रिंगफील्डला आणा. कायद्याने व्हँडेलियाची मुदत वीस वर्षांची, म्हणजे १८४० पर्यंत होती. १८३४ मध्ये जनमत घेतलं होतं, त्यात आल्टनला थोडी जास्त मतं पडली आणि तो निकाल सगळ्यांनी सोयीस्करपणे विसरून टाकला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय गव्हर्नर जोसेफ डंकन याच्या बाजूचा. कामं खासगी कंपन्यांनी करावीत, राज्याने फार तर भागीदार म्हणून हातभार लावावा. गव्हर्नर आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश मिळून एक पुनरीक्षण मंडळ असे. त्या मंडळानेही विधेयक परत पाठवताना हेच कारण दिलं: अशी कामं नागरिकांनी किंवा स्वतंत्र कंपन्यांनी केली तरच ती काटकसरीने आणि बिनधोक होतात.

दुसरा पर्याय मांडला तेवीस वर्षांच्या एका नव्या डेमोक्रॅट आमदाराने. नाव स्टीफन डग्लस. मिशिगन सरोवराला इलिनॉय नदीशी जोडणारा कालवा सुरू झालाच आहे, तो पुरा करा. एक लोहमार्ग उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम, शिवाय दोन मोठ्या नद्या. बाकीच्यांची तूर्त नुसती पाहणी करा. आज कागदावर वाचताना हा प्रस्ताव सर्वांत शहाणा वाटतो. पण तो सभागृहात टिकला नाही, कारण दोन लोहमार्ग ज्यांच्या दारावरून जात नव्हते अशा आमदारांची संख्या जास्त होती. पुढे खुद्द डग्लसनेही मतदारांचा आदेश म्हणून मोठ्या विधेयकालाच मत दिलं.

तिसरा पर्याय म्हणजे सगळ्यांना सगळं. तोच कायदा झाला.

कायद्यात काय होतं

केअरो ते गलीना हा राज्याच्या पोटातून जाणारा मध्य लोहमार्ग, ३५ लाख डॉलर. क्विन्सीहून स्प्रिंगफील्डमार्गे इंडियानाच्या सीमेपर्यंतचा ‘नॉर्दर्न क्रॉस’, १८ लाखांच्या वर. दक्षिणेत आल्टनहून निघणारे फाटे, १६ लाख. आणखी काही जोडमार्ग. वॉबॅश, इलिनॉय आणि रॉक या नद्यांना प्रत्येकी एक लाख, लहान नद्यांना पन्नास-पन्नास हजार. टपालाच्या मोठ्या रस्त्याला अडीच लाख. आणि ज्या काउंट्यांच्या वाट्याला ना लोहमार्ग ना कालवा, त्यांना रस्ते-पूल करायला रोख दोन लाख.

हे शेवटचं कलम म्हणजे साऱ्या विधेयकाची चावी. ज्याच्या गावातून काहीच जात नाही त्याचंही तोंड बंद. आपल्याकडे मतदारसंघनिहाय निधीवाटप पाहिलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही.

खरी घातक अट मात्र दुसरीच होती, आणि तिच्यावर त्या वेळी फारशी बोंब झाली नाही. सगळ्या मार्गांवर काम एकाच वेळी सुरू करायचं, तेही मोठ्या गावांपासून आणि नदीच्या ओलांडणीपासून दोन्ही दिशांना. हेतू सरळ होता: माझा मार्ग मागे आणि शेजाऱ्याचा पुढे, असं होऊ नये. आमदारांचा एकमेकांवर विश्वास नव्हता, तो अविश्वासच कायद्याचं कलम होऊन बसला. त्यामुळे माळावर ठिकठिकाणी भराव उठले, पण दोन गावांना जोडून भाड्याचा पहिला डॉलर आणेल असा एकही सलग तुकडा लवकर तयार होणं शक्य नव्हतं. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू.

व्याज भरायचं कशातून? राज्य रोखे काढून दोन बँकांचे ३० लाखांचे समभाग घेणार होतं, त्यांच्या लाभांशातून. करवाढीचं नावही नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. इथे कर्जाचं व्याज भरायला दुसरं कर्ज काढायचं होतं.

पहिला निर्णय: फेब्रुवारी १८३७

लिंकनने विधेयकाला पाठिंबा दिला आणि पुनरीक्षण मंडळाचा नकार आला तेव्हा तो डावलायलाही मत दिलं. दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत राजधानीसाठी मतदान झालं. चौथ्या फेरीत स्प्रिंगफील्डला ७३ मतं मिळाली. एब्नेझर कॅप्सच्या खानावळीत जी मेजवानी झाली तिचं बिल २२३.५० डॉलर, त्यात शॅम्पेनच्या ८१ बाटल्या. पैसे भरले नऊ उंचांपैकी धनाढ्य निनियन एडवर्ड्सने.

या दोन तारखांमधलं नातं हा जुना वाद आहे. नंतर गव्हर्नर झालेल्या टॉमस फोर्डने लिहून ठेवलं की हे नऊ जण स्थानिक प्रत्येक मागणीच्या बाजूने किंवा विरुद्ध एकगठ्ठा पडायचे आणि बदल्यात राजधानीसाठी मतं पदरात पाडून घ्यायचे. विसाव्या शतकात पॉल सायमन या इलिनॉयच्याच राजकारण्याने मतदानाच्या नोंदी चाळून या सरळसोट साट्यालोट्याच्या गोष्टीवर शंका घेतली. लेखी सौदा कुणाच्या हाती लागलेला नाही, लागणारही नाही; असले सौदे लिहीत नसतात. पण माझ्या मते सौदा झाला की नाही यापेक्षा एक साधी गोष्ट महत्त्वाची आहे. राजधानीचं विधेयक फेब्रुवारीच्या मध्यात एका मताच्या फरकाने बासनात गेलं होतं. लिंकनने त्या रात्री गैरहजर मित्रांना गोळा केलं, कुंपणावरच्यांना पटवलं, आणि दुसऱ्या दिवशी विषय पुन्हा उकरून काढला. ज्याला इतक्या काठावरच्या मतांनी राजधानी न्यायची आहे, तो त्याच महिन्यात पन्नास आमदारांना ‘तुझा लोहमार्ग आपल्याला परवडत नाही’ असं सांगू शकत नाही. सौदा असो वा नसो, भीड होतीच. आणि भीड भिकेची बहीण.

याच अधिवेशनातली आणखी एक नोंद इथे मांडायला हवी. जानेवारीत सभागृहाने गुलामगिरीविरोधी संस्थांचा निषेध करणारा ठराव ७७ विरुद्ध ६ मतांनी केला होता. त्या सहांत लिंकन होता. ३ मार्चला, अधिवेशन संपायला तीन दिवस राहिले असताना, त्याने आणि डॅन स्टोनने लेखी निवेदन नोंदवलं: गुलामगिरी ही संस्था अन्याय आणि चुकीचं धोरण यांवर उभी आहे, मात्र निर्मूलनवाद्यांच्या प्रचाराने तिचे दुष्परिणाम कमी होण्याऐवजी वाढतातच. दोनच सह्या. राजधानीचं मतदान आटोपेपर्यंत त्याने निवेदन खिशात ठेवलं, हे तारखांवरून दिसतं. कुणी त्याला धूर्तपणा म्हणेल. मला त्यात एवढं दिसतं की प्रवाहाविरुद्ध मत नोंदवणं या आमदाराला जमत होतं. कुठे आणि कधी, याचा त्याचा हिशेब होता. रस्ते-रेल्वेच्या बाबतीत तो हिशेब त्याने मांडलाच नाही.

दुसरा निर्णय: जुलै १८३७

१० मे १८३७ रोजी न्यू यॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं थांबवलं. महिना संपायच्या आत इलिनॉयच्या स्टेट बँकेनेही तेच केलं. गव्हर्नर डंकनने जुलैत खास अधिवेशन बोलावलं आणि साफ सांगितलं: हा कायदा रद्द करा.

संपूर्ण प्रकरणातली सर्वांत स्वस्त सुटका ही होती. कामं अजून अंगावर आलेली नव्हती, कर्जाचा डोंगर उभा राहायचा होता, आणि बाजार बुडाला ही सबब कुणीही मान्य केली असती. मागे फिरताना नाक कापलं जाण्याचाही प्रश्न नव्हता.

विधिमंडळाने नकार दिला. सोनं-चांदी न देण्याबद्दल बँकेला अभय दिलं आणि कामं चालू ठेवली. लिंकन याच बाजूने. त्याच अधिवेशनात व्हँडेलियाच्या ईविंगने राजधानीचा निर्णय भ्रष्ट सौद्याचा होता असा आरोप करून तो फिरवायचा प्रयत्न केला. लिंकनने त्याला चढ्या आवाजात उत्तर दिलं. एक कायदा उघडला की दुसराही उघडणार, ही धास्ती सँगमनच्या नऊ जणांना असणारच. राजधानी वाचवायची म्हणून लोहमार्ग वाचवायचे. फेब्रुवारीतली भीड जुलैत बेडी झाली होती.

तिसरा निर्णय: जानेवारी १८३९

तोवर रोखे विकणं जड जाऊ लागलं होतं. काही रोखे उधारीवर दिले गेले; लंडनच्या राइट आणि कंपनीकडे जे सोपवले, ती पेढीच पुढे १८४० मध्ये बुडाली.

१७ जानेवारी १८३९ रोजी लिंकनने वित्त समितीतर्फे एक बेत मांडला. राज्यातली केंद्र सरकारची न विकलेली सगळी जमीन, सुमारे दोन कोटी एकर, एकरी २५ सेंटने राज्याने घ्यावी आणि नेहमीच्या सव्वा डॉलर दराने विकावी. नफ्यातून कर्ज फिटेल. त्या अहवालातलं एक वाक्य फार बोलकं आहे: आपण इतके पुढे आलो आहोत की मनात आणलं तरी नाचक्की आणि मोठं नुकसान पत्करल्याशिवाय मागे फिरता येणार नाही.

बेत डोकेबाज होता, पण तो चालायला वॉशिंग्टनने होकार द्यायला हवा होता, आणि विकत घ्यायलाच पन्नास लाख डॉलर नवे उभे करायला हवे होते. केंद्राने दाद दिली नाही. दरम्यान कामांच्या यादीत आणखी भर पडली.

एक मात्र कबूल करायला हवं. त्याच अधिवेशनात जमिनीच्या खऱ्या किमतीवर कर बसवणारा कायदा झाला आणि लिंकनने त्याची पाठराखण केली. मार्च १८३९च्या एका पत्रात तो लिहितो की या कायद्याने बोजा गरीब बहुसंख्यांवरून श्रीमंत मूठभरांवर जातो. आणि हे मूठभर निवडणूक फिरवण्याइतके संख्येने नाहीत. तत्त्व आणि मतांचं गणित एका दमात सांगणारं हे पत्र खास त्याच्या धाटणीचं आहे. फक्त हा कर दोन वर्षं उशिरा आला.

१८४०च्या सुरुवातीला विधिमंडळाने योजना गुंडाळली. लिंकनचा विरोधच. नदीच्या मध्यात होडी वल्हवणं थांबवलं तर ती जागच्या जागी राहत नाही, खालीच वाहत जाते, असा त्याचा युक्तिवाद.

खिडकी

५ डिसेंबर १८४०, शनिवार. स्प्रिंगफील्डचं नवं सभागृह अजून अपुरं, म्हणून बैठक चर्चमध्ये. स्टेट बँकेला सोनं-चांदी न देण्याची सवलत अधिवेशन संपेपर्यंतच होती. सोमवारी नियमित अधिवेशन सुरू व्हायचं होतं. डेमोक्रॅटांना खास अधिवेशन त्याआधी कायमचं तहकूब करायचं होतं, म्हणजे बँकेची सवलत संपली. व्हिगांनी गणपूर्ती मोडायची ठरवली आणि ते आलेच नाहीत. पाहणी करायला लिंकन, गिलेस्पी आणि ग्रिडली असे मोजके जण आत बसले. डेमोक्रॅटांनी आजारी सभासदांनासुद्धा आणून बसवलं आणि संख्या भरली. दाराशी पहारा. हे तिघे खिडकी उघडून बाहेर उड्या टाकून गेले.

उपयोग शून्य, कारण त्यांची हजेरी आधीच लागली होती. विरोधी वर्तमानपत्राने सुचवलं की नव्या इमारतीला आणखी एक मजला चढवावा, म्हणजे लिंकनला पन्हाळीवरून उतरावं लागेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढे लिंकनला या प्रसंगाची आठवण काढलेली आवडत नसे.

परिणाम

फेब्रुवारी १८४२ मध्ये स्टेट बँक कोसळली. त्याच सुमाराला राज्याने व्याज देणं थांबवलं. कालव्याचं धरून कर्ज दीड कोटी डॉलरच्या वर, आणि इलिनॉयचे रोखे डॉलरला पंधरा सेंटच्या आसपास. त्या मंदीत आठ राज्यं आणि फ्लोरिडा प्रदेश थकबाकीदार झाले, म्हणजे इलिनॉय एकटं नव्हतं. नव्याने येणारे लोक मात्र कराच्या धास्तीने दुसरीकडे वळतील अशी भीती राज्यात होती.

बुडालेल्या बँकेच्या नोटा करापोटी घ्यायच्या नाहीत, असा हुकूम राज्याचा हिशेबनीस जेम्स शील्ड्स याने काढला. लिंकनने टोपणनावाने त्याची टर उडवणारं पत्र छापलं आणि प्रकरण थेट द्वंद्वयुद्धापर्यंत गेलं. सप्टेंबर १८४२ मध्ये मिसिसिपी नदीतल्या एका बेटावर दोघं तलवारी घेऊन पोचलेही. ऐनवेळी समेट झाला.

प्रत्यक्ष बांधकामांपैकी उभा राहिला तो नॉर्दर्न क्रॉसचा मेरेडोसिया ते स्प्रिंगफील्ड हा तुकडा. लाकडी तुळयांवर लोखंडी पट्ट्या ठोकलेला मार्ग. १८३८ मध्ये त्यावर पहिलं इंजिन धावलं, १८४२ मध्ये तो स्प्रिंगफील्डला पोचला, पुढे इंजिन नादुरुस्त झालं तेव्हा खेचरं जुंपून डबे ओढले. राज्याने त्यावर जवळपास दहा लाख डॉलर घातले होते. १८४७ मध्ये तो २१,१०० डॉलरला विकला.

१८४०च्या निवडणुकीत सँगमनच्या पाच विजयी उमेदवारांत लिंकन शेवटचा आला. १८४२ मध्ये तो उभाच राहिला नाही. राज्याच्या १८४८च्या संविधानाने साधारण परिस्थितीत ५०,००० डॉलरपेक्षा जास्त कर्ज काढायला बंदी घातली आणि कर्जफेडीसाठी वेगळा कर लावला. ते कर्ज फिटता फिटता १८८०चं दशक उजाडलं.

राजधानी मात्र स्प्रिंगफील्डलाच राहिली. मतदारांच्या हिशेबात आमदाराने आपलं काम केलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

‘मंदी आली म्हणून बुडालं’ हा बचाव तेव्हाही झाला, आजही होतो. मला तो अर्धाच पटतो. मंदी नसती तरी एकाच वेळी सगळीकडे काम सुरू करण्याच्या अटीमुळे उत्पन्न लांबणारच होतं आणि व्याज धावत राहणार होतं. मंदीने फक्त मुदत अलीकडे आणली.

म्हणून फेब्रुवारीत विधेयक पाडणं लिंकनच्या हातात नव्हतं हे मान्य केलं, तरी एक दुरुस्ती त्याच्या आवाक्यात होती: कामं टप्प्याने. आधी एक मार्ग, तो भाडं आणू लागला की दुसरा. आपला नॉर्दर्न क्रॉस पहिल्या टप्प्यात नसला तरी चालेल, असं सँगमनच्या पुढाऱ्याने म्हटलं असतं तर त्याला वजन आलं असतं. अर्थात ते म्हणणं स्प्रिंगफील्डच्या मतांवर बेतलं असतं. दुसरी दुरुस्ती, प्रत्येक रोख्यामागे व्याजापुरता कर त्याच कायद्यात लावणं. १८३९ मध्ये जमिनीच्या किमतीवर कर लावा म्हणणाऱ्या माणसाला हे सुचलं नसेल असं नाही. पण करासह विधेयक आलं असतं तर निम्म्या आमदारांचा उत्साह तिथेच मावळला असता, आणि तशी कसोटी लागली असती तर बरंच झालं असतं.

तरीही माझ्या मते मोठी चूक फेब्रुवारीची नव्हे, जुलैची. फेब्रुवारीत सगळं राज्य एका सुरात गात होतं. जुलैत परिस्थिती पालटली होती, गव्हर्नर दार उघडून उभा होता, आणि ‘कर्ज न काढता’ हे स्वतःचं छापील वचन लिंकनच्या हाताशी होतं. तेव्हा राजधानीचा प्रश्न वेगळा काढून लोहमार्ग सोडून देणं अवघड होतं, अशक्य नव्हतं. १८३९ पर्यंत थांबल्यावर तो ‘नाचक्की’ची भाषा बोलू लागला, आणि तिथून पुढचे त्याचे सगळे बेत बुडालेला पैसा वाचवण्याचे आहेत.

मार्ग मुळात चुकीचे आखले होते असंही नाही. १८५० मध्ये डग्लसने, आता अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसून, मध्य लोहमार्गासाठी केंद्राची जमीन मिळवली. १८५१ मध्ये इलिनॉय सेंट्रल या खासगी कंपनीला सनद मिळाली: सुमारे २६ लाख एकर जमीन कंपनीला, आणि बदल्यात एकूण मिळकतीचे ७ टक्के राज्याला. १८५६ मध्ये ७०५ मैलांचा मार्ग पुरा झाला. राज्याने एकही रोखा काढला नव्हता. मॅक्लीन काउंटीने या कंपनीवर स्थानिक कर बसवला, तेव्हा कंपनीचा वकील म्हणून लिंकन उभा राहिला आणि जिंकला. फीचे ५,००० डॉलर मात्र कंपनीने सुखासुखी दिले नाहीत. १८५७ मध्ये त्याला तिच्यावरच दावा लावावा लागला.